एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) पोस्टिंग मिळालंय, हात थरथरतात. नाशिकच्या सिस्टर लोकांनी जरा बोला

सातपूरची_पोरगी
नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

यंदा जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, एमएनसीचं (महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल) रजिस्ट्रेशन पण हातात आलं आणि नाशकातच एका प्रायव्हेट हॉस्पिटलला लागले (नाव नाही सांगत). इंटरव्ह्यूत मी जनरल वॉर्ड म्हटलं होतं, मेट्रन मॅडमनी सरळ एनआयसीयूत टाकलं. आज पंधरावा दिवस. कॉलेजच्या पोस्टिंगला आम्ही आठ जणी एका वॉर्मरभोवती (बाळाला ऊब देणारी खाट) उभ्या राहायचो, हात लावायला कोणी द्यायचं नाही, आणि इथे तिसऱ्याच दिवशी ९४० ग्रॅमचं बाळ माझ्याकडे. चादर ओली झाली होती म्हणून बदलायला उचललं आणि माझे हात जे थरथरायला लागले ते थांबेचनात, शेवटी सिनियर सिस्टर म्हणाल्या ठेव खाली, मी करते. नंतर चेंजिंग रूममध्ये जाऊन रडले.

घरी आईला वाटतं मी दिवसभर बाळं खेळवते. शेजारच्या काकू म्हणाल्या तुझं बरंय गं, म्हाताऱ्यांचं काढायला नको. काय बोलणार.

तर विचारायचं हे की हात कधी थांबतात? का मी यासाठी नाहीच, बदली मागून घेऊ? आणि यात पुढे करिअर म्हणून काय असतं? पगार सध्या तेरा हजार हातात.

रात्रपाळी
आधी हे सांग, थरथरत का होईना पण बाळ नीट खाली ठेवलंस ना? मग बदलीचा विचार सध्या बाजूला ठेव.

मला ११ वर्षं झाली यात. पहिली चार प्रायव्हेटला, नंतर सरकारी एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचं युनिट. माझे हात दीड महिना थरथरत होते. आणि तुझी चूक उचलण्यात झाली. एवढ्या बाळाला चादरीसाठी उचलायचंच नसतं. मेडिसिन वॉर्डात झोपून असलेल्या आजीची चादर कशी बदलायचीस? कुशीवर वळवून अर्धी काढायची, अर्धी घालायची, मग दुसऱ्या कुशीवर. तसंच इथे. हातपाय गोळा करून पोटाशी आणायचे, पोटात होतं तसं, एक तळवा डोक्याला, एक पायांना, आणि सावकाश वळवायचं. हात सुटे सोडलेस की बाळ दचकतं, दचकलं की सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) पडतं, ते पडलं की तू अजून थरथरतेस. आणि तुझी दोन्ही कोपरं गादीवर टेकव गं. हवेत धरलेला हात कुणाचाही थरथरतो.

काम काय असतं ते रात्री लिहिते, आता ड्युटीला निघालेय.

सरळबोल
तेरा हजारात एनआयसीयू करून घेतायत आणि तुम्ही हात थरथरतात म्हणून रडताय. रडायचं असेल तर पगारावर रडा. बॉण्ड लिहून घेतला का? ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करून घेतले का? आधी हे सांगा.

सातपूरची_पोरगी
@रात्रपाळी ताई, खूप थँक्यू, कोपराचं उद्याच करून बघते.
@सरळबोल हो 🙁 दीड वर्षाचा बॉण्ड, आणि ओरिजिनल मार्कशीट ऑफिसात आहेत.

रात्रपाळी
हां, आता निवांत. म्हणजे निवांत काही नसतं, पण तीनचा राउंड झालाय आणि चहा आलाय.

बाहेरून वाटतं की एनआयसीयू म्हणजे मशीन. पण बारा तासातला निम्मा वेळ हात धुण्यात आणि लिहिण्यात जातो. हात धुऊन धुऊन थंडीत बोटांना भेगा पडतात, माझ्या पर्समध्ये व्हॅसलीनची डबी कायम असते. दोन तासाला फीड, त्याआधी ट्यूब जागेवर आहे का बघायचं, मागचं दूध पोटात तसंच राहिलंय का बघायचं, डायपर वजन करायचा (हो, लघवी किती झाली ते तसंच कळतं), पोझिशन बदलायची, सीपॅपचे (नाकातून हवेचा दाब देणाऱ्या मशीनचे) प्रॉंग नाकाला रुतत नाहीत ना ते बघायचं कारण दोन नाकपुड्यांच्या मधली ती पातळ भिंत दाबली गेली की आतून सडते आणि ते बाळ आयुष्यभर चेहऱ्यावर घेऊन फिरतं. कॅन्युला (शिरेत घालायची बारीक नळी) पिवळी नाहीतर जांभळी, २४ किंवा २६ नंबर, आणि ती लावण्यापेक्षा टिकवणं अवघड. चिकटपट्टी काढताना घाई केलीस तर पट्टीबरोबर कातडी येते. २७-२८ आठवड्यांच्या बाळाची कातडी बघितलीस ना, दुधावरची साय जशी असते तशी.

दुसरं, मॉनिटर. नवीन मुली सॅच्युरेशन १०० दिसलं की खूश होतात. ऑक्सिजनवर असलेल्या कमी दिवसाच्या बाळाला १०० नकोय, आपल्याला ९० ते ९५ पाहिजे. जास्त ऑक्सिजनने डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बिघडतात, आरओपी म्हणतात त्याला, वेळेत धरलं नाही तर आंधळेपण. त्यामुळे १०० दिसलं की ऑक्सिजन कमी करायचा, आणि ८५ दिसलं की नॉबकडे धावायच्या आधी बाळाकडे बघायचं. रंग कसा आहे, छाती हलतेय का, प्रोब (बाळाला लावलेला सेन्सर) तर निसटला नाहीये ना? दहातले बरेच अलार्म प्रोबचे असतात. पण जो खरा असतो त्यात बाळ श्वास घ्यायला विसरलेलं असतं. खरंच विसरतात, मेंदू तेवढा पिकलेला नसतो. तळपायाला टिचकी मारली, पाठीवरून बोट फिरवलं की आठवतं त्याला. नाही आठवलं तर बॅग मास्क (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी). तो हाताशी आहे का, चालतो का, हे ड्युटी सुरू झाल्या झाल्या बघायचं, तेव्हा नाही.

आणि हात लाव बाळाला. तुझ्या हाताच्या मागच्या बाजूने, बोटांच्या पाठीने, पोटाला आणि तळपायाला. दोन्ही गरम, छान. पोट गरम पाय गार, म्हणजे बाळ गारठायला लागलंय. दोन्ही गार म्हणजे पळ. याला मशीन लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात यायला लागला की आमच्याकडे पेठ, हरसूल, सुरगाण्याकडून गाडीतून येणारी बाळं अशीच गार येतात, थर्मामीटर ३४ दाखवतो, आणि बाळ मात्र चार शालींमध्ये गुंडाळलेलं. शाल ऊब तयार करत नाही गं, असलेली धरून ठेवते. आईच्या छातीला उघडं लावून वरून शाल घेऊन आणलं असतं तर रस्ताभर शेगडी सोबत होती.

१३५०चे_पप्पा
मी सिस्टर नाही, पण माझा आयडी बघून कळेल का लिहितोय. २०१९, आमचं ३२ आठवड्यांना झालं, १३५० ग्रॅम, २६ दिवस काचेत. तिथे नावाने कोणी हाक मारायचं नाही. दार उघडून सिस्टर ओरडायच्या, तेराशेपन्नासचे पप्पा कोण? मी पळत जायचो. रात्री कॉरिडॉरमध्ये आम्ही सात-आठ बाप चटया टाकून झोपायचो, सगळे एकमेकांना वजनाने ओळखायचे, आजही दोघांचे नंबर माझ्या फोनमध्ये ‘अकराशे’ आणि ‘सोळाशे जुळे’ असे आहेत.

एक तक्रार आहे ती पण लिहितो. सिस्टरना विचारलं बाळ कसंय, तर एकच उत्तर, डॉक्टरांना विचारा. डॉक्टर भेटायचे सकाळी अकराला, तेही तीन मिनिटं. बाकीचे तेवीस तास माणसाने काय करायचं? चिडचिड व्हायची.

पण अकराव्या की बाराव्या दिवशी नाईटच्या सिस्टरने मला आत बोलावलं, हात धुवायला लावले, एकदा धुतले तर परत धुवायला लावले, घड्याळ काढा, अंगठी काढा, आणि म्हणाल्या बोट द्या त्याच्या हातात. पकडलं हो त्याने. पुढचं लिहीत नाही.

रात्रपाळी
@१३५०चे_पप्पा तक्रार बरोबर आहे तुमची. आम्ही डॉक्टरांना विचारा म्हणतो कारण सिस्टर म्हणाली ‘बरंय’ आणि दोन तासाने बाळ बिघडलं की नातेवाईक म्हणतात मगाशी तर बरं होतं, तुम्हीच काहीतरी केलंत. असे प्रसंग अंगावर आलेत. मी आता एवढं सांगते की दूध पचलं, शी केली, वजन एवढं. म्हणजे खोटं नाही आणि वचनही नाही.

नाशिकरोड_ब्रदर
मेल नर्सची बाजू मांडतो. मी अ‍ॅडल्ट आयसीयूत सहा वर्षं, मधे वर्षभर एसएनसीयू केलं. आवडलं होतं मनापासून पण तिथून काढलं, कारण आया तिथेच दूध काढतात, कांगारू देतात (बाळाला उघड्या छातीशी धरतात), त्यांना अवघड होतं. समजू शकतो. पण आमच्या वर्गातल्या एकाही मुलाला कोणी विचारलंच नाही की तुला नवजात बाळांचं करायचंय का. नॉरसेटलाही (एम्सची नर्सभरतीची परीक्षा) जागा ८०:२० आहेत, ऐंशी मुलींना. असो, धागा भरकटवत नाही.

पगाराबद्दल: २०१६ साली सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून केंद्राने समिती नेमली होती. तिने शिफारस केली की ५० पेक्षा कमी बेडच्या प्रायव्हेट हॉस्पिटलातसुद्धा नर्सला २० हजाराच्या खाली पगार नको, आणि २०० च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सइतका द्या. शिफारस. अंमलबजावणी राज्यांवर सोडली. आता तुमचे तेरा हजार बघा आणि ठरवा.

सरळबोल
तेच म्हणतोय मी. आणि ओरिजिनल कागद अडकवून ठेवायचा त्यांना काही हक्क नाही. व्हेरिफिकेशनसाठी दाखवायचे असतात, ठेवून घ्यायचे नसतात. लेखी अर्ज देऊन परत मागा, अर्जाच्या कॉपीवर सही-शिक्का घ्या. तोंडी मागाल तर उद्या या, परवा या चालू राहील.

पंचवटीकर_आजोबा
आमच्या काळी सुईण यायची, शेक-शेगडी व्हायची, बाळंतिणीला खोलीबाहेर काढत नसत, आणि बाळं जगत होतीच की. एवढी मशीनं कशाला.

रात्रपाळी
आजोबा, जगली ती आठवतात. तुमच्या आईला किती झाली आणि किती राहिली ते कधी विचारलं होतंत का? माझ्या आजीला नऊ झाली, पाच राहिली.

शेगडी मात्र बरोबर होती तुमची. आमचा वॉर्मर म्हणजे प्रोब लावलेली शेगडीच.

सुरगाण्याची_आशा
मी आशा आहे, मोबाईलवर लिहितेय चुका होतील. तुमच्याकडून सुटी झालेलं बाळ आमच्याकडे येतं त्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहितेय. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तर आम्ही ३, ७, १४, २१, २८, ४२ व्या दिवशी घरी जातो, घरी झालं असलं तर पहिल्या दिवशी पण. एसएनसीयूचं असलं तर घरी आल्यापासून. वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ घेऊन. एक मिनिट पूर्ण श्वास मोजायचा, ६० च्या वर गेला तर परत मोजायचा, परत तसाच तर दवाखान्यात पाठवायचं. ही पद्धत गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायांना शिकवून केली, मग सगळीकडे आली, आम्हाला ट्रेनिंगला सांगितलं होतं.

तर सांगायचं हे की तुमच्याकडे दीड महिना जपलेलं बाळ घरी आलं की पहिल्या दिवशी काजळ, दुसऱ्या दिवशी गुटी, आणि कोणीतरी मध चाटवतं. सुटीच्या कागदावर सगळं लिहिलेलं असतं पण इंग्रजीत. त्या दिवशी सिस्टरनी सासूला बसवून पाच मिनिटं सांगितलं तर माझं निम्मं काम होतं. आईला सांगून उपयोग नाही, घरात तिचं कोण ऐकतं.

मागच्या छाटणीच्या वेळची गोष्ट. १४०० ग्रॅमचं बाळ होतं, डोळे तपासायची तारीख दिली होती. महिन्याच्या आत तपासायचे असतात ना. घरी गेले तर कुलूप. सगळे द्राक्षाच्या बागेत कामाला गेले होते पिंपळगावकडे, बाळ पण सोबत. मुकादमाचा नंबर मिळवला, त्याला चार फोन केले, तो म्हणाला एक दिवसाची मजुरी कोण देणार. शेवटी बाळाचा मामा मोटरसायकलवर घेऊन गेला नाशिकला. डोळ्यात निघालं. लेझर केलं. आता दिसतं त्याला, माझ्याकडे बघून रडतो कारण मी इंजेक्शनवाल्या बाईसोबत येते 😄

रात्रपाळी
आशाताई, सासूचं लिहून घेतलं मी. आणि गंमत बघा, तुम्ही आशा घरोघरी बोंडलं बंद करा म्हणता आणि आम्ही इथे ज्याने दूध पाजतो ते पलाडाई म्हणजे दुसरं काय, बोंडलंच की. फरक एवढाच की आमचं उकळलेलं असतं आणि त्यात आईचं दूध असतं.

बालरोग_डॉ
थोडक्यात लिहितो. एनआयसीयूत डॉक्टरपेक्षा सिस्टर बाळाजवळ जास्त असते. ‘सर, आज हे बाळ काल सारखं वाटत नाहीये’ असं अनुभवी सिस्टर म्हणाली की मी जेवण सोडून जातो. बऱ्याचदा रिपोर्ट नंतर येतो, इन्फेक्शनचा. धागाकर्तीला: तुम्हालाही हे यायला वेळ लागेल, पण बाळ काल कसं होतं हे तुम्ही बघितलेलं असलं तरच ते येतं, म्हणून रोज वेगळी बाळं देत असतील तर तीच द्या म्हणून मागा.

सातपूरची_पोरगी
सगळ्यांचे खूप आभार, मी सगळं वहीत उतरवतेय. अजून एक विचारू का? चूक झाली तर? मला सगळ्यात भीती औषधाची वाटते. पॉइंट शून्य सहा मिली वगैरे, सिरिंजमध्ये दिसतसुद्धा नाही.

रात्रपाळी
विचारलंस ते बरं झालं, माझी लिहिते. प्रायव्हेटला होते तेव्हाची. अ‍ॅमिकासिनची, म्हणजे इन्फेक्शनच्या औषधाची, आमच्याकडे १०० मिलिग्रॅमची बाटली यायची, २ मिलीची. डायल्यूशन (किती पातळ करायचं ते) तोंडपाठ, डोळे मिटून करायचे. एका रात्री स्टोअरमधून ५०० ची आली. तीही २ मिलीचीच, तेवढीच छोटी, झाकण वेगळ्या रंगाचं. मी नेहमीसारखं केलं. म्हणजे पाच पट. हातात सिरिंज, कॅन्युलाशी उभी, आणि सोबतच्या सिस्टरने रिकामी बाटली उचलून सवयीने मोठ्याने वाचली. पाचशे. बस्स. त्या औषधाने मूत्रपिंड जातं, कान जातात.

दिलं नाही. पण मला पुढचे चार दिवस जेवण गेलं नाही. तेव्हापासून बाटली हातात घेतली की मोठ्याने वाचते, कोणी ऐको न ऐको, घरी नवऱ्याचं क्रोसिनपण मोठ्याने वाचते, तो हसतो. तू दुसरीला दाखवल्याशिवाय द्यायचंच नाही. ती बिझी असली, चिडली, तरी. आणि चूक झालीच तर त्याच मिनिटाला सांगायचं. लपवलेली चूक बाळाला मारते, सांगितलेली तुला फक्त मेमो देते.

दुसरी भीती तू विचारली नाहीस पण येणार आहे. बाळ जाईल. पहिलं माझं सटवाईच्या रात्री गेलं, आजी बाहेर पूजेची वही-पेन मांडून बसली होती, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये. सगळ्या नळ्या काढायच्या, पुसायचं, स्वच्छ कपड्यात गुंडाळायचं, चेहरा उघडा ठेवायचा आणि आईच्या हातात द्यायचं. आईला बघू देऊ नका म्हणणारे नातेवाईक असतात. आईला विचारायचं, त्यांना नाही. त्यानंतर बाकीच्या बाळांचं फीड असतंच, ते चुकत नाही.

नाशिकरोड_ब्रदर
आणि फायर एक्स्टिंग्विशर कुठे आहे आणि बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठे आहे ते बघून ठेवा. भंडारा, ९ जानेवारी २०२१, १० बाळं. त्यानंतर आमच्याकडे मॉक ड्रिल झालं तेव्हा कळलं की मागच्या दाराला कुलूप होतं आणि त्याच्यासमोर जुन्या खाटा.

रात्रपाळी
करिअरचं राहिलं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे निओनेटल नर्सिंगचा, एक वर्षाचा. सरकारीला एसएनसीयूत लागलीस तर एफबीएनसी (नवजात बाळांच्या देखभालीचं) ट्रेनिंग होतं, चार दिवस वर्गात आणि मग मोठ्या युनिटमध्ये राहून बघायचं. एनएचएम (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राटी असतं, मानधनावर, पण अनुभव चोख मिळतो. अधिपरिचारिकेची परमनंट जाहिरात आली की सोडू नकोस. माझ्या दोन मैत्रिणी आखातात गेल्या, दोन वर्षांच्या एनआयसीयू अनुभवावर. एक जर्मन शिकतेय, बी२ पातळीपर्यंत करायला लागतं म्हणे, रोज मला जर्मनमध्ये गुड मॉर्निंग पाठवते.

आणि पाठ सांभाळ. वॉर्मरवर वाकून वाकून माझी कंबर चाळिशीच्या आधी गेली. उंची अ‍ॅडजस्ट होते त्याची, कोणी करत नाही.

सातपूरची_पोरगी
*(तीन आठवड्यांनी)*
धागा वर काढतेय, अपडेट द्यायचं होतं.

९४० वाला मधे ८८० ला उतरला होता, काल १२३० भरला. त्याची आई दिंडोरीची, पहिल्यांदा दूध काढलं तेव्हा सिरिंजमध्ये दीड मिली आलं आणि ती म्हणाली एवढंसंच, टाकून द्या. मी ते कापसाच्या बोळ्याने त्याच्या हिरड्यांना लावलं होतं. आता ती दिवसाला सहा तास कांगारू देते, मधे घोरते पण. आजीने काळा दोरा आणला होता, बाळाला बांधता येत नाही म्हटल्यावर फार हिरमुसली, मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून वॉर्मरच्या दांड्याला अडकवला. इन्फेक्शन कंट्रोलवाल्या मॅडमनी बघितलं आणि काही बोलल्या नाहीत.

हात कधी थांबले ते नाही सांगता येणार. परवा एका पाळीत चार अ‍ॅडमिशन आले, त्यात जुळे, आणि घरी आल्यावर आठवलं की आज लक्षच गेलं नाही तिकडे. कॅन्युलाला अजून थरथरतात. वॉर्मरची उंची पण वाढवली, कोणीतरी रोज परत खाली करतं.

रात्रपाळी
१२३०! वा. नाव ठेवलं का त्याचं?

सातपूरची_पोरगी
नाही अजून, ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव, तेच चालू आहे.

सरळबोल
ओरिजिनल परत मिळाले का?

सातपूरची_पोरगी
अर्ज दिला, कॉपीवर शिक्का घेतला. सोमवारी या म्हणालेत.

सरळबोल
कुठल्या सोमवारी ते लिहून घेतलं का?